व्हॅन, वरून पाहता

११ जानेवारी, रविवार

व्हॅन घेतली.

आधी एका बेकरीची होती. गाडी एकदम उत्तम आहे असं मालक म्हणाला आणि माणूस खोटं बोलणारा वाटला नाही. बोलताना सारखा दुसरीकडे बघत होता, पण लाजाळू असेल. दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘रोज सकाळी ताजे’ असं लिहिलंय. ते रंगवून टाकता येईल. आत टोस्टचा वास येतो. तो राहू द्यावा असं माझं मत आहे.

घरी आणायला बेकरीचाच ड्रायव्हर आला होता. चालवणार मीच होतो, पण पहिल्या दिवशी शेजारी बसून गाडीचा स्वभाव बघून घ्यावा म्हटलं.

योजना अशी. व्हॅनचा कॅम्पर करायचा. आत बेड, कपाटं, चहाची सोय, सगळं. वीस एप्रिलला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी सूर्योदयाला हिला समुद्र दाखवायचा. खरं तर लग्न झाल्या झाल्या दाखवणार होतो. तिकिटंही काढली होती. तेव्हा ऑफिसने बोलावून घेतलं. नंतर काकांचं ऑपरेशन, नंतर कन्या झाली, मग तिची शाळा, मग एक ना दोन. हिने अजून समुद्र पाहिलेला नाही. पंचवीस वर्षांत हे तिने मला दोनदाच बोलून दाखवलं, दोन्ही वेळा मी जेवत होतो.

हिने खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर पायाने हळूच थोपटलं आणि विचारलं, चालवणार कोण?

काय पण प्रश्न. लायसन्स काय फ्रेम करायला काढलंय? बावीस वर्षं झाली, एकही अपघात नाही.

१२ जानेवारी, सोमवार

संकल्प. रोज एक तास व्हॅनचं काम. रोज अर्धा तास ड्रायव्हिंगचा सराव, म्हणजे मोडलेली सवय परत येईल. आणि ही वही खरी खरी लिहायची, कारण पुढे दुसरा कॅम्पर करताना मलाच उपयोगी पडेल.

संध्याकाळी पाऊण तास ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. इंजिन बंद ठेवून गिअर टाकले. तिसरा फार छान पडतो.

१४ जानेवारी, बुधवार

नकाशा तयार.

या बाबतीत मी नशीबवान आहे. सामान्य माणसाला नकाशासाठी कोणाकडे तरी जावं लागतं. मी सत्तावीस वर्षं बांधकाम परवानगी विभागात लोकांचे नकाशे तपासतोय. व्हॅन म्हणजे तरी काय, एका खोलीचं घर. फक्त सरकणारं.

जेवणाच्या सुट्टीत काढला. प्लॅन, म्हणजे वरून बघितल्यावर दिसतो तसा. डावीकडे बेड, उजवीकडे कपाट आणि किटली, मध्ये फिरायला जागा. इंच न् इंच बसला. शेजारच्या टेबलावरच्याने वाकून बघितलं आणि सेक्शन कुठेय म्हणून विचारलं. सेक्शन म्हणजे उभा कापलेला नकाशा, त्यात उंच्या कळतात. सेक्शन तपासणं हे त्याच्या टेबलाचं काम आहे, त्यामुळे त्याला दुसरं काही सुचतच नाही. मी सत्तावीस वर्षांत एकदाही उंची बघितलेली नाही आणि माझं काही अडलं नाही.

दिवसभरात तीन नकाशे परत पाठवले. एकात संकटाच्या वेळी बाहेर पडायला दारच नव्हतं. आत अडकलेल्या माणसाने करायचं काय? शिकलीसवरलेली माणसं, पण साधा विचार करत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

साडू येऊन गेले. गाडी बघितली. वास छान आहे म्हणाले. वासाबद्दलच तीन वेळा बोलले.

मग त्यांनी आपलं सांगितलं. एप्रिलमध्ये ते आणि मेहुणी समुद्रासमोरच्या हॉटेलात राहणार आहेत. बाजूची खोली आमच्यासाठी धरून ठेवू का, गॅलरीतून थेट पाणी दिसतं, असं विचारत होते. मी हिच्या वतीनेही नको म्हणून सांगितलं. चार भिंतींत कोंडून घेऊन समुद्र बघण्यात काय मजा? ही त्या वेळी कपबशा उचलत होती. जरा जास्तच आवाज करत उचलत होती.

२५ जानेवारी, रविवार

हिची रजा मंजूर झाली. एकोणीस ते पंचवीस एप्रिल. सहा वर्षांत पहिल्यांदा एवढी सलग. ही वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात आहे, दिवसभर हेडफोन लावून लोकांची बोलणी खाते. आवाज कधी चढत नाही. घरीसुद्धा चिडली की आवाज आणखी गोड होतो आणि मला म्हणते, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. तिचं तसं झालं की मी खाली व्हॅनमध्ये जाऊन बसतो.

१ फेब्रुवारी, रविवार

कामाचा श्रीगणेशा. सुतार ठरवला. माणूस कामाला चोख आहे, पण प्रश्न फार विचारतो.

पुढची ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली आणि तिथे पाण्याची टाकी बसवली. सुतार म्हणाला, मग वहिनी कुठे बसणार? मी त्याला नकाशा दाखवला. दुसरा माणूस मागे बेडवर. झोपून प्रवास. विमानात अशा सोयीसाठी लोक किती धडपडतात. ड्रायव्हर आणि मागची खोली यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे, त्यात ड्रायव्हरच्या पाठीशी एक छोटी खिडकी पाडून घेतली. नऊ इंच बाय सहा. कल्पना माझीच. ही मागे चहा करेल, खिडकीतून कप पुढे देईल, मी एका हाताने घेईन. तिला नाव दिलं: चहाची खिडकी.

हिला दाखवली. हिने त्यात हात घालून बघितला. कोपरापर्यंत गेला. छान आहे म्हणाली, पण बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. टाकी तशी देखणीच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

ही आजपासून रोज सकाळी सहाला फिरायला जाणार. चांगलं आहे. मला चला म्हणाली नाही हे मात्र खटकलं. म्हणाली असती तर नाही म्हणालो असतो, तो भाग वेगळा.

८ फेब्रुवारी, रविवार

मोठी खिडकी कापून घेतली. किती उंचीवर, असं सुताराने विचारलं. आता हे नकाशात नसतं. मी डोकं चालवलं. व्हॅनच्या जमिनीवर मांडी घालून बसलो, समोर बघितलं आणि डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. कापा म्हटलं. कसली मापं आणि कसलं काय. माणूस हेच खरं माप.

सुतार म्हणाला, साहेब, तुम्ही बेडवर बसणार ना? म्हटलं, बेड आल्यावर बघू, आज खिडकीचं काम आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाठ धरली. मांडी घालून बसल्यामुळे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हिला फिरायला लागून तीन आठवडे होतील. वजन आहे तेवढंच. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण हळू.

दिसते मात्र खुशीत. फिरून आली की गुणगुणत चहा करते. सकाळच्या हवेचा परिणाम.

१ मार्च, रविवार

बेड बसला. भक्कम काम. खाली खण करून घेतले, त्यात आमची मोठी सूटकेस उभी राहते. सुतार म्हणत होता, सूटकेस आडवी ठेवली तर बेड खाली येईल. पण सूटकेस आडवी ठेवली की इस्त्रीचे कपडे चुरगळतात, हे त्याला कोण सांगणार?

एक बारीक गोष्ट. बेडवर बसलं की डोकं छताला लागतं. सरळ बसलं तर लागतं, मान वाकवून बसलं तर मान लागते. नकाशात हे कुठेही दिसत नाही. पुन्हा एकदा तपासला, नकाशा बरोबर आहे. शेवटी बेड हा झोपण्यासाठीच असतो.

दुसरी बारीक गोष्ट. खिडकी आता बेडच्या उंचीपेक्षा खाली आली. समोरच्याच भिंतीवर आहे, पण बेडवरून तिच्यातून काही दिसत नाही. गुडघे टेकून वाकलं की दिसतं. आज शेजाऱ्यांच्या स्कूटरचं मागचं चाक अगदी स्पष्ट दिसलं.

कन्या बघायला आली, आत जाऊन आडवी झाली, छताकडे बघितलं आणि म्हणाली, बाबा, फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं वाटतंय. तिची परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

८ मार्च, रविवार

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं. दणक्यात सुरू झालं. मग पहिला गिअर टाकला. गाडी तीनदा उडी मारून बंद पडली. पेट्रोल जुनं असणार.

ही वर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथून म्हणाली, क्लच एकदम सोडू नका, हाफ क्लचवर धरा थोडी. हाफ क्लच हा शब्द तिने कुठून उचलला कोण जाणे. टीव्हीवर काहीही सांगतात.

सरावाची वेळ बदलली. आता सगळे ऑफिसला गेल्यावर करायचा. पण तेव्हा मीही ऑफिसला गेलेला असतो. विचार करतोय.

१२ मार्च, गुरुवार

रंग दिला. ‘रोज सकाळी ताजे’ दिसेनासं झालं.

१३ मार्च, शुक्रवार

वाळल्यावर परत दिसायला लागलं. आधी निळं होतं, आता करडं आणि जास्त भारदस्त दिसतंय. सकाळी दोन जण ब्रेड मागून गेले. एकाने तर परवाचा ब्रेड शिळा निघाला म्हणून मला झापलं. मी माफी मागून विषय मिटवला.

१५ मार्च, रविवार

आतून सगळीकडे प्लायवूड ठोकून झालं, दारालासुद्धा. दाराच्या आतल्या बाजूला एक गंजलेलं हँडल होतं, तेवढंच डोळ्याला खुपत होतं. तेही प्लायच्या आत गेलं. आता भिंत कशी सलग दिसते. सुताराने हातातला हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, साहेब, आतून दार कसं उघडणार?

आतून दार कशाला उघडायचं? आत येणारा माणूस बाहेरून येतो.

तो गप्प बसला. मला वाटतं पटलं.

१७ मार्च, मंगळवार

रजा टाकून चाचणी झोप घेतली. दुपारी दीड ते पाच. दीड ते दोन झोप, दोन ते पाच बाहेर पडण्याची वाट. कन्येने जाता जाता दार ओढून घेतलं होतं. फोन वर चार्जिंगला. भरपूर ठोकलं, हाकाही मारल्या. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगची तक्रार करायला आले, त्यांनी दार उघडलं आणि मी बाहेर आल्यावर पार्किंगबद्दल न बोलताच निघून गेले.

निष्कर्ष: आवाज अजिबात बाहेर जात नाही. प्लायचं काम यशस्वी.

१८ मार्च, बुधवार

ही म्हणाली, ते हँडल आधी करून घ्या. नोंद घेतली.

२२ मार्च, रविवार

ही म्हणाली, हँडलचं काय झालं? पॉलिश झाल्यावर करू म्हटलं. पॉलिशवर कशाला भोक पाडायचं, असंही वाटतं. पण नोंद घेतली.

कुशनसाठी कापड बघत होतो. निळं की पिवळं, यात रविवार गेला.

२९ मार्च, रविवार

आज रस्त्यावर नेणार होतो. सगळं ठरलं होतं. अंगात नवा शर्ट. कन्या गेट उघडून उभी राहिली, ही तिच्या शेजारी. इंजिन सुरू. आरसा बघितला. दुसराही बघितला. देवाचं नाव घेतलं आणि हळूच क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

रिव्हर्स पडला हे मान्य, पण सफाईने पडला. सेक्रेटरींच्या दोन कुंड्या आणि एक मोठी नाजूक वेल. वेलीचं वाईट वाटलं. कुंड्या तिथे ठेवायलाच नको होत्या हेही तेवढंच खरं.

मग मी उतरलो. पाय थोडे थरथरत होते, बराच वेळ क्लच दाबून ठेवला की तसं होतं. ही पुढे आली. माझ्या हातातून किल्ली घेतली, पाण्याचा ग्लास दिला आणि पाठीवरून हात फिरवला. मला ते आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण गेटपाशी नको होतं.

५ एप्रिल, रविवार

गाडीत अजून काही सुधारणा करणं गरजेचं आहे, असं माझ्या लक्षात आलंय. पडदे. चपलांचं कपाट. छताला पंखा. टॉर्च अडकवायला हूक. घाईघाईत निघणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

साडूंचा फोन. खोली अजून मिळू शकते म्हणाले. मी म्हटलं, आम्ही स्वतःच्या घरातून समुद्र बघणार आहोत.

१० एप्रिल, शुक्रवार

ही संध्याकाळी पेढे घेऊन आली. कशाचे म्हणून विचारलं तर ऑफिसात कोणाचं तरी काहीतरी झालं म्हणाली. मी चार खाल्ले.

१२ एप्रिल, रविवार

हिच्याशी शांतपणे बोललो. म्हटलं, तांत्रिक कारणांमुळे वीस एप्रिलऐवजी वीस मे ठेवू. समुद्र कुठे जात नाही.

ही पोळ्या लाटत होती. हातातलं लाटणं खाली ठेवलं. आणि एकदम तो ऑफिसातला आवाज. म्हणाली, आपल्या माहितीसाठी, वीस तारखेला सकाळी मी समुद्रावर असेन. कशी जाणार ते तुम्ही ठरवा. तुमच्या गाडीने, तुमच्या साडूंच्या गाडीने नाहीतर एसटीने. पण असेन. पंचवीस वर्षं मी तुमची कारणं ऐकली, ती सगळी खरी होती, म्हणून ऐकली. हे कारण खरं नाही.

मग परत पोळ्या लाटायला लागली.

हे कारण खरं नाही म्हणजे काय? पंखा खरंच बसायचाय.

१३ एप्रिल, सोमवार

ऑफिसात लक्ष लागलं नाही. एका नकाशात खिडकी कुठल्या उंचीवर आहे ते बघत बसलो. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

१४ एप्रिल, मंगळवार

काय लिहू.

सकाळी सहाला खाली व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. चोर, म्हणून धावत खाली गेलो, तसाच, बनियनवर. तर ही ड्रायव्हरच्या सीटवर. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी एका दमात गेटबाहेर काढली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. दहा मिनिटांनी परत आणून कुंड्या होत्या बरोबर त्याच जागी उभी केली. सेक्रेटरी गॅलरीत दात घासत होते, त्यांनी ब्रशसकट हात वर केला.

दोन फेब्रुवारीपासून ही फिरायला जातच नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. शुक्रवारी लायसन्स मिळालं. पेढे त्याचेच होते. कन्येला सगळं माहीत होतं.

मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही चालवली असती तर सांगावंच लागलं नसतं. मला वाटत होतं तुम्ही चालवाल.

दिवसभर हेच वाक्य कानात.

१५ एप्रिल, बुधवार

नीट विचार केला. प्रकल्पप्रमुखाने स्वतः गाडी चालवणं योग्य नाही. त्याने सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं. बोटीवरचा कप्तान सुकाणू धरत नाही, धरायला माणूस असतो. म्हणजे मुळात मी मनात धरलं होतं तसंच होतंय.

१६ एप्रिल, गुरुवार

रात्रीच्या जेवणाला कन्येने विचारलं, बाबा, मग तुम्ही कुठे बसणार?

पुढे एकच सीट. शेजारी पाण्याची टाकी, तीही वेल्डिंगने बसवलेली. सुताराला फोन केला, तो गावाला गेलाय. नकाशा काढून बघितला. दुसरा माणूस मागे बेडवर, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. खाली माझी सही.

१८ एप्रिल, शनिवार

सामान भरलं. सूटकेस उभी राहिली. ही म्हणाली, हँडल राहिलं ना?

म्हटलं, आल्यावर पहिलं काम तेच. नोंद घेतली.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी दहा

निघालो. कन्या अभ्यासासाठी घरी. हिने बाहेरून दार ओढलं, मी आत. झोपून लिहितोय, अक्षर हलतंय. टोस्टचा वास आहेच.

साडेअकरा

ही चालवते छान. वळणं घेते तेव्हा मी बेडवरून पडत नाही, फक्त सरकतो. चहाच्या खिडकीतून तिचा एक कान आणि केसांची क्लिप दिसते. कानावरून माणूस खूश आहे की नाही ते कळतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. ती गाते आहे. गुणगुणते नाही, गाते आहे.

साडेबारा

खिडकीशी गुडघे टेकून बाहेरचं दृश्य बघितलं. टायर. ट्रकचे, बसचे, पुन्हा ट्रकचे. एका टँकरचे बारा मोजले. निसर्गाचं वैविध्य.

दोन

हिने चहा मागितला. किटलीला पाणी उकळायला वीस मिनिटं लागतात, तोवर धक्क्यांनी अर्धं पाणी सांडतं. कप खिडकीतून पुढे दिला. तिने आरशात न बघता एका हाताने घेतला, अगदी माझ्या कल्पनेतल्यासारखा. चव कशी आहे म्हणून विचारलं. तुम्ही केलेला पहिला चहा आहे, म्हणाली. हे उत्तर नव्हे.

रात्री नऊ

पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम. समुद्र इथून वीस किलोमीटर. झोपताना दारात माझी एक चप्पल अडकवून ठेवलीय, म्हणजे दार पूर्ण लागणार नाही. ही युक्ती सोपी आहे, हँडलची तशी गरज नाही.

बेड दोघांना पुरतो. वर छत इतकं जवळ की दोघांनाही बोलावंसं वाटत नव्हतं, पण मग बोलत बसलो. ती म्हणाली, लग्नानंतरची ती तिकिटं तिने अजून जपून ठेवलीत. मला वाटलं होतं परत करून पैसे घेतले. तिने परत केलीच नव्हती.

 नोंद घेतली.

२० एप्रिल, सोमवार. पहाटे सव्वापाच

निघतोय. ही उत्साहात उठली, दारातली चप्पल बाहेर काढली आणि दार लावून पुढे जाऊन बसली.

पावणेसहा

गाडी थांबली. आवाज येतोय. मोठा, सारखा, थांबत नाही. मला वाटलं ट्रक. मग लक्षात आलं.

पुढचं दार उघडलं, आपटलं. मग एकदम काहीच नाही.

पाच पन्नास

खिडकीतून बघितलं. एक भिंत आहे. भिंतीजवळ एक कुत्रा तीन पायांवर उभा. समुद्र गाडीच्या दुसऱ्या बाजूला असणार. चहाच्या खिडकीतून सीटची पाठ दिसते. हिला फोन लावला, तो पुढे सीटवरच वाजतोय.

पाच पंचावन्न

कोणीतरी बाहेरून पत्र्यावर टकटक केलं. हुश्श झालं. पण आवाज अनोळखी माणसाचा, ब्रेड आहे का विचारत होता. पत्र्याला तोंड लावून म्हटलं, दार उघडा. तो म्हणाला, आधी सांगा, ब्रेड आहे का? मी नाही म्हटलं. खोटं कसं बोलणार? तो गेला.

सहा

जोरजोरात ठोकलं. पावलं आली. ही. अगदी दाराला लागून उभी राहिली असणार, श्वास ऐकू येत होता. धावत आली होती. म्हटलं, अगं, दार उघड, हँडल नाहीये.  मग तोच तक्रार केंद्रातला आवाज, लोण्यासारखा. म्हणाली, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. कृपया थोडी वाट पाहा. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.

मग हसू आवरत नसल्यासारखा काहीतरी आवाज. मग वाळूत पावलं, लांब लांब जाणारी. सूर्य उगवत होता बहुतेक, पत्रा एका बाजूने कोमट व्हायला लागला.

सहा दहा

आडवा पडून लिहितोय. ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा एकदा लिहून टाकतो. मला गाडी चालवायची भीती वाटते. बावीस वर्षं वाटते. बेड, पडदे, पंखा, सगळं त्यासाठी. हिला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, टायरवर थोपटलं तेव्हाच.

खंत एवढीच की तिचा चेहरा बघायला मिळाला नाही. पाण्याकडे पहिल्यांदा बघतानाचा. पंचवीस वर्षं मी तेवढ्याचसाठी सगळं ठरवत होतो, आणि मध्ये अठरा मिलिमीटरचं प्लायवूड आलं. मीच ठोकून घेतलेलं.

सहा पंधरा

लाटांचा आवाज मात्र उत्तम येतो. म्हणजे प्लायचं काम तितकंसं यशस्वी नाही. तिने पंचवीस वर्षं वाट पाहिली, मला अर्ध्या तासाने काय होतंय.

किटली लावतो. वीस मिनिटं लागतील, तोवर येईल ती. दोन कप ठेवतो.